लेणी वाचणारे पंडित भगवानलाल इंद्रजी



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धम्मदीक्षा अलीकडेच झाली आहे. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लागली, मुलांना त्रिसरण-पंचशील पाठ झाले, पौर्णिमेला विहारात जाण्याचा परिपाठ पडला. हे सर्व चांगलेच झाले. पण मूल जरा जाणते झाले की ते एक प्रश्न विचारते. आपला हा धम्म या मुलखात पूर्वी कधी होता काय, की तो कालपरवा आला? या प्रश्नाला नुसते तोंडी उत्तर देऊन भागत नाही. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील डोंगरात कोरून ठेवलेले आहे. मात्र ते वाचता आले पाहिजे.

मला ते वाचता येत नव्हते, हे आधी कबूल करतो. मी मालेगावात शिक्षक आहे. आमच्या घराण्यात विद्यापीठाची पदवी घेणारा मी पहिलाच. काही वर्षांपूर्वी मुलांची सहल घेऊन मी नाशिकला गेलो होतो. मालेगावातून निघालेला मुंबई-आग्रा रस्ता नाशिक शहर ओलांडून पुढे गेला की रस्त्याला लागूनच त्रिरश्मी डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या कड्यात चोवीस लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पायऱ्या चढताना बरोबरच्या एका गृहस्थांनी मुलांना सांगितले की पांडवांनी वनवासात असताना एका रात्रीत ही लेणी कोरली. मुलांनी माना डोलावल्या. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने मला विचारले, की गुरुजी, या भिंतीवर अक्षरे आहेत, त्यांत पांडवांचे नाव कोठे आहे ते दाखवा.

मी भिंतीकडे पाहिले. बी. ए., बी. एड. झालेल्या मला त्यातले एकही अक्षर लागेना. उशीर होतो आहे, पुढे चल, एवढेच मी तिला म्हणालो. परतीच्या प्रवासात मुले गाणी म्हणत होती आणि मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो होतो. ज्या मुलीने योग्य प्रश्न विचारला होता तिलाच मी गप्प केले होते.

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे शोधले. शोधता शोधता ज्या थोर पुरुषाची ओळख झाली, त्यांचे चरित्र आज तुम्हांला सांगावयाचे आहे. तुम्ही ते वाचा आणि संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन सांगा.

खडकाशेजारचा मुलगा

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म १८३९ च्या नोव्हेंबर महिन्यात सौराष्ट्रातील जुनागढ येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. जुनागढहून गिरनार पर्वताकडे जाणाऱ्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे. त्या एकाच खडकावर तीन राजांचे लेख आहेत. पहिले सम्राट अशोकाचे चौदा आदेश. दुसरा त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी कोरलेला शक राजा रुद्रदामन याचा लेख. तिसरा गुप्त राजा स्कंदगुप्त याच्या काळचा. येणारे-जाणारे तो खडक शतकानुशतके पाहत होते, पण वर काय लिहिले आहे हे कोणालाच सांगता येत नव्हते. अशोक नावाचा एक महान सम्राट या देशात होऊन गेला, हेही लोक विसरून गेले होते. ज्या देशात धम्म जन्मला त्या देशातून धम्म गेला, तेव्हा त्याची लिपी वाचणारेही गेले.

भगवानलाल यांच्या जन्माआधी दोनच वर्षे, म्हणजे १८३७ साली, कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणाऱ्या जेम्स प्रिन्सेप या इंग्रज गृहस्थाने ही लिपी उलगडली. तिला आज आपण ब्राह्मी अथवा धम्मलिपी म्हणतो. प्रिन्सेपला किल्ली कशी सापडली, ते मुलांना अवश्य सांगा. सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावर लहान लहान लेख आहेत. त्यांतले बहुतेक लेख शेवटी त्याच दोन अक्षरांनी संपतात, असे त्याच्या ध्यानात आले. इतक्या लोकांनी इतक्या दगडांवर शेवटी एकच शब्द का बरे लिहिला असेल? विचार करता त्याला सुचले की हा शब्द दानं असला पाहिजे. स्तूप बांधण्यासाठी ज्याने त्याने आपापला दगड दान दिला आणि त्यावर आपले नाव घातले. त्या एका शब्दावरून द आणि न ही अक्षरे हाती लागली आणि पुढे सगळी लिपी उलगडली.

ही विद्या जुनागढच्या त्या मुलापर्यंत पोचली. तेथील एका इंग्रज अधिकाऱ्याच्या मदतीने प्रिन्सेपच्या अक्षरांचा तक्ता त्याला मिळाला. तो घेऊन तो खडकापाशी गेला आणि एकेक अक्षर ताडून पाहू लागला. छापलेल्या नकलेत आणि प्रत्यक्ष दगडात जेथे फरक दिसला, तेथे त्याने दगडाचा शब्द प्रमाण मानला. ही सवय त्याला जन्मभर पुरली. तो कोणत्याही महाविद्यालयात गेला नाही. इंग्रजीही त्याला बेताचेच येई. पुढे मोठमोठे शोधनिबंध त्याने गुजराथीत लिहिले आणि ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांचे इंग्रजी केले.

मुंबईस प्रयाण

त्या काळी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड हे नामांकित वैद्य व विद्वान होते. प्राचीन नाणी, ताम्रपट आणि शिलालेख यांचा त्यांना ध्यास होता. जुनागढच्या या तरुणाची कीर्ती त्यांच्या कानावर आली आणि १८६१-६२ च्या सुमारास त्यांनी त्याला मुंबईस बोलावून घेतले. तेव्हा भगवानलाल अवघे बावीस वर्षांचे होते. भाऊ दाजींसाठी लेण्यालेण्यांतून हिंडावे, लेखांच्या नकला कराव्यात, त्या वाचून दाखवाव्यात, असे त्यांचे काम होते.

हे काम किती कष्टाचे आहे, हे लेण्यात उभे राहिल्याशिवाय कळत नाही. अक्षरे छताजवळ असतात, काळोखात असतात, माती आणि शेवाळ यांनी भरलेली असतात. आधी दगड साफ करावा लागतो. मग ओला कागद अक्षरांवर बसवून ब्रशाने हळूहळू ठोकतात, म्हणजे कागद अक्षरांच्या खाचांत जातो आणि ठसा उमटतो. एक मात्रा चुकली की राजाचे नाव बदलते, एक अंक चुकला की शंभर वर्षांचा घोळ होतो.

भगवानलाल यांनी केवळ महाराष्ट्र पाहिला नाही. उत्तर हिंदुस्थान त्यांनी पालथा घातला, नेपाळपर्यंत ते गेले आणि तेथील लेख त्यांनी प्रसिद्ध केले. १८६९ साली मथुरेत त्यांना एक विलक्षण वस्तू सापडली. खालच्या मानलेल्या जातींच्या वस्तीत शीतलादेवीचा एक ओटा होता. त्या ओट्याच्या पायऱ्यांत एक कोरीव दगड बसवलेला होता. पाठीला पाठ लावून बसलेले दोन सिंह, आणि त्यांच्या अंगभर खरोष्ठी लिपीतील लेख. वाचल्यावर कळले की शक क्षत्रप राजुवुलाच्या राणीने तेथे बुद्धांच्या धातूंवर स्तूप उभारला व संघाला विहार दिला, त्याची ती नोंद आहे. आता याचा विचार करा. ज्या वस्तीला गावाने खालचे ठरवले, त्या वस्तीच्या पायरीत हा दगड होता, आणि रोज त्यावर पाय ठेवणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगणारे कोणी नव्हते.

१८७४ साली भाऊ दाजी निवर्तले आणि भगवानलाल यांचा आश्रय गेला. पण त्यांनी काम सोडले नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखांतले अंक त्यांनी उलगडून दाखवले. आज आपण जे अंक लिहितो, त्यांच्या फार जुन्या पूर्वजांपैकी काही त्या घाटात आहेत. १८८१ साली बर्जेस यांच्यासमवेत त्यांनी पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या शिलालेखांचे पुस्तक काढले. मुंबई सरकार जिल्ह्याजिल्ह्याचे गॅझेटियर छापत होते, त्यातही त्यांनी मोठा वाटा उचलला. १८८३ साली नाशिक जिल्ह्याचा खंड निघाला. त्यात त्रिरश्मी लेण्यांचे जे सविस्तर वर्णन आहे, ते मुख्यतः भगवानलाल यांच्या अभ्यासावर उभे आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि ब्यूलर यांनीही हे लेख वाचले. एकाने वाचावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने दुरुस्त करावे, अशा रीतीने ही विद्या वाढली.

नाशिकच्या लेण्यांत काय लिहिले आहे

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. ही लेणी कोणी कोरली? लेखांनीच त्याचे उत्तर दिले आहे.

एकोणिसाव्या क्रमांकाचे छोटे लेणे तेथील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहे. सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी, श्रमणांची व्यवस्था पाहणाऱ्या नाशिकच्या अधिकाऱ्याने ते करविले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी नाशिकात भिक्खूंची काळजी घेण्यासाठी स्वतंत्र अधिकारी होता, आणि गावाचे नावही हेच होते. शेजारचे अठरावे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याच्या दारावरचा लेख सांगतो की हे दार नाशिककरांपैकी धंभिक गावच्या लोकांचे दान आहे. दार देणारा एक राजा नव्हता. सारा गाव होता.

तिसरे लेणे सर्वांत भव्य. गौतमीपुत्र सातकर्णी याची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी याच्या कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी ते भिक्षुसंघाला दिले. त्या लेखात अर्जुन आणि भीमसेन ही नावे खरोखरच आहेत. पण ती कशासाठी? आपला मुलगा पराक्रमात त्यांच्यासारखा होता, असे सांगण्यासाठी. लेणे कोणी दिले याबद्दल लेखाला संशय नाही. ते एका आईने दिले. त्या मुलीला त्या दिवशी मी एवढे दाखवू शकलो असतो, तर तिचे समाधान झाले असते.

याच लेखातील आणखी एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही. गौतमीपुत्राने चार वर्णांचा संकर थांबवला, अशी त्यात त्याची स्तुती आहे, आणि त्याला श्रेष्ठ ब्राह्मण म्हटले आहे. लेणे बौद्ध भिक्खूंना दिलेले, आणि त्याच भिंतीवर वर्णव्यवस्था राखल्याचा अभिमान. आपल्यापैकी कोणाला हे वाचून खट्टू वाटेल. मलाही वाटले. पण मुलांना लेणी दाखवायची तर पूर्ण दाखवावी. सोयीचे तेवढे वाचणे म्हणजे पांडवांची गोष्ट सांगणाऱ्या गृहस्थांसारखेच झाले. त्या काळीही धम्म आणि वर्ण शेजारी शेजारी राहत होते, हे मुलांना कळले, तर बाबासाहेबांनी आपणांस धम्माबरोबर जातिभेद टाकण्याची प्रतिज्ञा का दिली, तेही त्यांना कळेल.

मालेगावकरांनी ज्यासमोर थांबावे असे लेणे म्हणजे दहावे. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ते दिले. हा शक, म्हणजे परमुलखातून आलेल्या लोकांपैकी. त्याने ब्राह्मणांना गाई व गावे दिली, नद्यांवर फुकट तरी चालविल्या, आणि भिक्खूंना हे लेणे दिले. त्याची बायको दक्षमित्रा हिनेही तेथे खोली दिल्याचा लेख आहे. ओसरीच्या भिंतीवर उषवदाताने एका ठेवीची नोंद कोरली आहे. गोवर्धन या गावी, म्हणजे नाशिकजवळच, विणकरांचे संघ होते. लेखात त्यांना कोलिक असे म्हटले आहे. विणकरांच्या एका संघाकडे त्याने २००० काहापण ठेवले, शेकडा १ व्याजाने. दुसऱ्या संघाकडे १००० ठेवले, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ काहापण द्यावयाचे. दुसरे व्याज त्यांच्या इतर खर्चासाठी.

मी हे गणित वर्गात फळ्यावर मांडले. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. माझ्या वर्गात मागावर बसणाऱ्या मोमिनांची मुले आहेत, घरी आईबरोबर कांड्या भरून शाळेत येणारी मुले आहेत, आपल्या वस्तीतली आहेत. मी विचारले, शेकडा १ हे व्याज वर्षाचे की महिन्याचे? वर्षाचे धरले तर २००० वर २० येतात. वीस भिक्खूंना १२ प्रमाणे २४० लागतात. मग हिशेब जमत नाही. महिन्याचे धरले तर महिन्याला २०, बारा महिन्यांचे २४०. बरोबर जमते! मुलांनी हे स्वतः काढले. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दगड आणि पाटीवरचे गणित एकमेकांशी जुळले, तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. नंतर एक मुलगा म्हणाला की म्हणजे विणकर तेव्हा बँक चालवत होते. मी म्हणालो, होय, आणि राजाचा जावई त्यांच्यावर विश्वास टाकत होता.

याच लेण्यात पुढच्या काळातील दुसरा लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी तेली, कुंभार अशा कारागिरांच्या संघांकडे ठेवी ठेवल्या. मुलांनो, ज्यांच्या घामाला पुढे समाजाने हलके ठरवले, त्यांच्या हाती एके काळी भिक्खूंच्या औषधाचा पैसा सुरक्षित होता.

हे वाचताना मला काळाराम मंदिराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू केला आणि तो पाच वर्षे चालला. आपले वाडवडील बंद दारासमोर मार खात उभे राहिले. दार उघडले नाही. त्या दारापासून काही मैलांवर एक दार दोन हजार वर्षे उघडे आहे. ते एका गावाने दान दिलेले आहे, आणि तसे त्यावर लिहिलेले आहे.

सोपारा

भगवानलाल यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना १८८२ सालची. मुंबईच्या उत्तरेस वसईजवळ सोपारा गाव आहे. प्राचीन काळी हे शूर्पारक नावाचे मोठे बंदर होते. बौद्ध परंपरेप्रमाणे भगवंतांचा शिष्य पुण्ण याच मुलखातला. येथील लोक तापट असूनही तो न घाबरता धम्म सांगण्यास परत आला. गावाबाहेर एक टेकाड होते. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. पंडितांनी ते टेकाड पाहून ओळखले की हा कोट नसून स्तूप आहे. एप्रिल महिन्यात त्यांनी ते मधोमध खणविले.

आत विटांची एक कोठडी लागली आणि कोठडीत दगडाचा गोल करंडक. झाकण उघडले तो मध्ये तांब्याचा करंडा आणि त्याच्या भोवती धातूच्या आठ बुद्धमूर्ती. सात पूर्वीच्या बुद्धांच्या आणि आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा, आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा. सोन्याच्या करंड्यात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे. बरोबर सोन्याची फुले आणि यज्ञ सातकर्णी राजाचे एक चांदीचे नाणे. हे तुकडे भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे आहेत अशा श्रद्धेने ते तेथे ठेवले गेले, असे पंडितांनी अनुमान केले. ते पात्र खरोखर भगवंतांचेच होते काय, हे आज कोणी सिद्ध करू शकत नाही, आणि मुलांनाही तसे स्पष्ट सांगावे. ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये, ही तर भगवंतांचीच शिकवण. पण सोन्याच्या आत माती जपून ठेवणारी माणसे या कोकणात होती, हे मात्र सिद्ध आहे.

त्याच वर्षी तेथील भातेला तलावाजवळ त्यांना एक फुटका दगड मिळाला. त्यावरची अक्षरे पाहताच त्यांनी ओळखली. लहानपणी गिरनारच्या खडकावर वाचलेलीच ती होती! अशोकाच्या आठव्या आदेशाचा तो तुकडा होता. हा आदेश कशाविषयी आहे, ठाऊक आहे? पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि मौजेच्या सहली काढीत. अशोकाने त्या बंद केल्या. राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी तो बोधगयेस गेला आणि तेव्हापासून त्याने धम्मयात्रा सुरू केल्या. श्रमण-ब्राह्मणांना भेटावे, वृद्धांना मदत करावी, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलावे, असे त्या यात्रांचे स्वरूप होते. मौजेची सहल सोडून धम्मयात्रा काढा, असे सांगणारा दगड महाराष्ट्राच्या मातीत सापडला, हे लक्षात ठेवा. पुढे १९५६ साली, म्हणजे नागपूरला आपली धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी, जवळच्या भुईगावात अशोकाच्या नवव्या आदेशाचाही तुकडा मिळाला.

अखेर

कसलीही पदवी नसलेल्या या पंडितांना १८८४ साली हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने सन्मानाने डॉक्टरेट दिली. युरोपातील विद्वान त्यांच्या वाचनावर विसंबत. पण प्रकृतीने त्यांना साथ दिली नाही. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईस वाळकेश्वर येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठेचाळीस. मथुरेचे ते सिंहशीर्ष त्यांच्या इच्छेप्रमाणे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले व आजही तेथे आहे.

त्यांचे वाचन खरे होते, याचा पुरावा त्यांच्या मागे अठरा वर्षांनी आपल्याच जिल्ह्यात मिळाला. तिसऱ्या लेण्यातील लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, नाश केल्याचे लिहिले आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. भिंत जे बोलली तेच नाणी बोलली.

वाचकहो, कोणी विचारील की एका ब्राह्मण पंडिताचे चरित्र आपल्या पाक्षिकात कशाला? मी म्हणेन, या माणसाने दगडावर आपले काही लादले नाही. दगडाने जे सांगितले तेच त्याने लिहिले. टेकाडाला कोट म्हणणाऱ्यांना त्याने स्तूप दाखविला. त्याच्या आणि त्याच्यासारख्यांच्या कष्टांमुळे आपल्या पूर्वकाळाचा धम्म आपणांस परत मिळाला. उपकार मानण्यास आपण जात पाहणार नाही.

आपण काय करावे

वर्षातून एकदा तरी मुलांना घेऊन त्रिरश्मी लेण्यांवर जा. मालेगावहून एका दिवसात जाऊन येता येते. पायथ्याशी बुद्धविहार आहे, तेथे वंदना करा आणि मग वर चढा. मुलांना आधी घरी चार अक्षरे शिकवा. अशोकाच्या लिपीतला क म्हणजे अधिकचे चिन्ह. न म्हणजे आडव्या रेघेवर उभी केलेली रेघ. ठ म्हणजे पूर्ण वर्तुळ. ग म्हणजे घराच्या छपरासारख्या दोन तिरप्या रेघा. लेण्यांच्या काळापर्यंत अक्षरांना थोडे वळण आणि शेपट्या आल्या आहेत, तरी ती ओळखू येतात. मुलांना भिंतीवर न हे अक्षर शोधू द्या. ज्याला ते आधी सापडेल त्याला शाबासकी द्या.

अक्षरांना हात लावू नका, त्यांवर खडू किंवा कोळसा फिरवू नका. भिंतीवर आपले नाव कोरणाऱ्या पोरांना अडवा, आणि आपले पोर असेल तर आधी अडवा. मूर्तीला शेंदूर, तेल लावू नका. मेणबत्ती लावावयाची तर ती विहारात लावा, लेण्यात धूर करू नका. मुलाने काही विचारले आणि तुम्हांला उत्तर आले नाही, तर ठाऊक नाही असे सांगा आणि वहीत प्रश्न लिहून घ्या. माझ्यासारखे त्याला पुढे ढकलू नका.

त्या मुलीच्या घरी मी नंतर गेलो. ती आता मोठ्या वर्गात होती. आई यंत्रमागाच्या कांड्या भरत होती, तिच्याजवळ बसूनच मी गौतमी बलश्रीची, विणकरांच्या ठेवीची आणि धंभिक गावच्या दाराची हकीकत सांगितली. मुलीने सर्व ऐकून घेतले. आईने मात्र काम थांबवून विचारले, की गुरुजी, आम्हांलाही न्याल काय? त्यांनी आजवर ती लेणी रस्त्यावरून, एस. टी. च्या खिडकीतूनच पाहिली होती.

पुढल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी आम्ही सर्वजण जाणार आहोत. तुम्हीही या.

जयभीम.